नागविष आणि बालके : वैद्यांचे कर्तव्य

सुमारे आठ वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावातून साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई माझ्या चिकित्सालयात आली. माती खाण्याची सवय, मुखावर पांडुता, मलावष्टंभ आणि नाभीभोवती वारंवार उठणारा शूल अशी लक्षणे होती. मृद्भक्षणजन्य पांडूचे इतके ग्रंथोक्त चित्र समोर असताना निदानाविषयी संशय घेण्याचे कारण मला दिसले नाही. कृमिघ्न चिकित्सा, मंडूरकल्प आणि पथ्य असा क्रम तीन महिने चालला. हिमोग्लोबिन किंचित वाढले आणि पुन्हा उतरले. शूल थांबला नाही. मूल चिडचिडे झाले, पूर्वी स्पष्ट बोलत असलेले शब्द अडखळू लागले. अखेर मी त्याला एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यांकडे पाठविले. त्यांनी आईला विचारलेला पहिलाच प्रश्न मी तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. मुलाचे वडील काय काम करतात?

"बॅटऱ्याचं काम करतेत. सांजच्याला अंगणातच शिसं वितळवतेत," असे त्या माउलीने सहज सांगितले.

मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. ज्या अंगणात शिसे वितळे त्याच अंगणात मूल खेळे आणि तीच माती खाई. रक्तातील शिशाचे प्रमाण तपासले असता ते तातडीने रुग्णालयीन चिकित्सा करावी इतके निघाले. मोठ्या शहरात उपचार झाले, भट्टी घरापासून दूर हलली, मुलाचा जीव वाचला. परंतु आज तो मुलगा शाळेत आपल्या बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. माझे तीन महिने त्यास किती कारण झाले, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

ग्रंथोक्त नाग आणि आजचे शिसे

शिसे हे द्रव्य आपणास परके नाही. रसशास्त्राने नाग आणि वंग यांस पूतिलोह म्हटले आहे. तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत वारंवार ढालन केल्यावाचून नाग मारणास योग्य मानला जात नाही. अशुद्ध वा अपक्व नाग-वंगाच्या सेवनाने कुष्ठ, गुल्म, पांडु, प्रमेह, अग्निमांद्य असे विकार होतात, असे भावप्रकाशात स्पष्ट सांगितले आहे. पांडु आणि उदरशूल ही आधुनिक वैद्यकाने वर्णिलेल्या शीसविषबाधेचीही ठळक लक्षणे आहेत. म्हणजे या धातूचे भय आपल्या आचार्यांना ज्ञात होते. विसर पडला असेल तर तो आपल्याला.

शीसविषाची शरीरातील गती पाहिली म्हणजे दूषीविषाच्या कल्पनेचे स्मरण होते. रक्तात शिरलेले शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते, परंतु ते सर्वच शरीराबाहेर जात नाही. त्याचा मोठा भाग अस्थींत जाऊन बसतो आणि तेथे वर्षानुवर्षे राहतो. गर्भावस्थेत, स्तन्यकाळात किंवा अस्थिक्षय होत असताना तेच शिसे पुन्हा रक्तात उतरते आणि अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते. मातेच्या बालपणी साठलेले विष अशा रीतीने अपत्याला मिळू शकते. ही केवळ तुलना आहे, सिद्धांत नव्हे. परंतु दीर्घकाळ दबून राहणारे आणि कालांतराने प्रकटणारे विष ही कल्पना आपल्या विद्यार्थ्यांना समजावण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बालकांनाच अधिक धोका का?

प्रौढ मनुष्य पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषून घेतो. लहान मूल चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत शोषते. आहारात लोह व कॅल्शियम यांची न्यूनता असेल तर हे शोषण आणखी वाढते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के बालके रक्ताल्पतेने ग्रस्त आहेत. शिशासाठी वाट मोकळी करून ठेवलेली अशी ही मुले आहेत.

येथे एक दुष्टचक्र संभवते. लोहन्यूनतेने मूल माती खाते. माती शीसयुक्त असेल तर शिसे रक्तनिर्मितीच्या प्रक्रियेतच अडथळा आणते आणि पांडु वाढतो. वैद्य लोहकल्प देतो, पण माती तीच राहते. चरकाचार्यांनी मृद्भक्षणजन्य पांडु सांगताना कषाय, ऊषर व मधुर अशा मृत्तिकाभेदाने दोषप्रकोप भिन्न होतो असे म्हटले आहे. माती कोणती, हा प्रश्न त्यांनी आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीच शिकविला. आज त्यास एवढीच पुस्ती जोडावयाची की, माती कोठली हेही विचारावे.

मेंदूवर होणारा परिणाम सर्वांत घातक असून तो बहुधा कायमचा असतो. बुद्धी, अवधान व भाषा यांची हानी कोणतेही बाह्य लक्षण दिसण्यापूर्वीच होऊ शकते. रक्तातील शिशाचे निरपाय असे कोणतेही प्रमाण नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. प्रति डेसीलीटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक प्रमाण आढळल्यास स्रोत शोधून तो दूर करावा, असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन बालकांपैकी एकाच्या रक्तात शिसे या पातळीवर वा त्याहून अधिक आहे आणि अशी सुमारे साडेसत्तावीस कोटी बालके एकट्या भारतात असावीत.

हा महानगरांचा रोग आहे असे मानण्याचे दिवस गेले आहेत. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील बालकांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १,०८१ बालकांच्या विश्लेषणात ७६ टक्के बालकांचे मान ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान आढळले. त्या काळी पेट्रोलमध्येही शिसे असे. २००० साली देशभर शीसरहित पेट्रोल आले. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. धुरातील शिसे अशा रीतीने कमी झाले. आता जे उरले आहे ते घरात, अंगणात, स्वयंपाकघरात आणि काही अंशी आपल्या औषधालयातही आहे.

आपल्या परिसरातील उगमस्थाने

परभणी जिल्ह्यात मोठे शिसे-कारखाने नाहीत, म्हणून धोका नाही असे समजू नये. पुढील गोष्टींचा प्रत्येक वैद्याने विचार करावा.

(१) बॅटरी-दुरुस्ती व भंगार : भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या जोडीने बॅटऱ्यांची दुरुस्तीही गल्लोगल्ली आली. जुन्या बॅटऱ्या उत्पादकांनी परत घेऊन नोंदणीकृत ठिकाणी पुनर्वापरास द्याव्यात असे २०२२ चे बॅटरी-कचरा नियम सांगतात. तथापि घरच्या अंगणात शिसे वितळविणारा कारागीर या नियमांपासून फार दूर असतो. त्याचे कपडे, केस व चपला यांवरून शिशाची धूळ घरात येते.

(२) मासेमारीची जाळी : गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठी जाळ्यांना शिशाचे मणी बांधतात. हे मणी घरच्या चुलीवर ओतले जात असतील तर त्या चुलीची राखही विषारी समजावी.

(३) सुरमा : आठवडी बाजारात व जत्रा-उरुसांत सुरमा म्हणून मिळणारा चकाकणारा काळा खडा हा बहुधा गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असतो. सुरम्याचा वापर आणि बालकांच्या रक्तातील शिसे यांच्या संबंधाकडे १९७८ मध्येच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने लक्ष वेधले होते. मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. सौवीरांजनाचे नाव घेऊन असा अपरीक्षित सुरमा बालकांच्या डोळ्यांत घालण्याचे समर्थन आपल्यापैकी कोणी करू नये.

(४) शेंदूर : परंपरेने वापरला जाणारा सिंदूर म्हणजे शिशाचे रक्तवर्ण ऑक्साइड होय. देवाच्या मूर्तीस तो लावण्यास कोणाची हरकत नाही. परंतु शेंदूर लावलेली बोटे बालकाच्या ओठांस लागू नयेत, इतके तरी आपण सांगू शकतो.

(५) जुने रंग व भांडी : वाड्यांच्या दारा-खिडक्यांचे सोलणारे जुने तैलरंग, हलक्या प्रतीच्या भंगारापासून ओतलेली ॲल्युमिनियमची भांडी आणि कथिलात शिसे मिसळून केलेली कल्हई यांतूनही शिसे पोटात जाते. चिंच, ताक व कैरी असे आम्ल पदार्थ अशा भांड्यांत ठेवल्यास धातू अधिक प्रमाणात विरघळतो.

हळदीचा धडा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र होईपर्यंत वसमत परभणी जिल्ह्यातच होते. तेथील हळद आज देशभर जाते. म्हणून शेजारच्या बांगलादेशात घडलेली घटना आपणास विशेष बोधप्रद आहे.

तेथे १९८० च्या दशकात पुरामुळे भिजून निस्तेज झालेल्या हळदीला तकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य चोळण्याची प्रथा पडली आणि ती रुळली. मातांच्या रक्तातील शिशाचा माग काढताना संशोधक या हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्रांतून इशारे दिले, बाजारपेठांत सुमारे पन्नास हजार सूचनापत्रके लावली आणि ढाक्याच्या शामबाजारात तपासणी करून व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. यासाठी ना नवे औषध लागले ना मोठे रुग्णालय. लोकांना नेमकी गोष्ट कळली आणि ती मोडणाऱ्यास शासन झाले, एवढेच.

भारतातही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील हळदीच्या अभ्यासात पाटणा, गुवाहाटी व चेन्नई येथील काही नमुने शीसदूषित आढळले. आपल्या कायद्यानुसार हळदीत लेड क्रोमेट मुळीच असता कामा नये. औषधनिर्मात्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. हरिद्रा हे आपल्या असंख्य कल्पांतील घटकद्रव्य आहे. अति पिवळीधमक, बोटांना रंग लागणारी हळकुंडे पाण्यात टाकून पाहावीत. रंग तत्काळ सुटू लागल्यास संशय घ्यावा. मात्र ही केवळ प्राथमिक चाचणी होय. खरेदीच्या प्रत्येक गटाचा प्रयोगशाळेतील अहवाल हाच खरा आधार आहे.

प्रथम आपले औषधालय

समाजाला उपदेश करण्यापूर्वी आपण स्वतःच्या फडताळाकडे पाहिले पाहिजे. २००४ मध्ये अमेरिकेच्या जामा या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ उत्पादनांत, म्हणजे दर पाचांत एकात, शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले. या चौदांपैकी तेरांमध्ये शिसे होते. २००८ मध्ये इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांतही जवळपास हेच प्रमाण निघाले. त्या वेळी आपल्या क्षेत्रात संतापाची लाट उसळली आणि रसौषधींचे स्वरूप परकीयांना कळत नाही असे सांगण्यात आले. त्यात काही तथ्य होतेही. परंतु २००८ च्या अभ्यासातील केवळ वानस्पतिक म्हणविणाऱ्या उत्पादनांतही सुमारे १७ टक्क्यांत हे धातू आढळले, त्याचे उत्तर रसशास्त्रात सापडत नाही. ते उत्तर दूषित कच्च्या मालात, अस्वच्छ यंत्रांत आणि न केलेल्या परीक्षणात आहे. केवळ वानस्पतिक औषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंचे परीक्षण १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाले. शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. परदेशी ग्राहकाला दाखविला जातो तो अहवाल परभणीच्या बालकासाठीही मागणे हा आपला अधिकार आहे आणि कर्तव्यही.

भस्मांविषयी एक गोष्ट नम्रपणे मांडावीशी वाटते. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा भस्म सिद्ध झाले की नाही हे सांगतात. बालकाच्या रक्तात किती शिसे चढेल हे त्या सांगत नाहीत, कारण त्यांचे प्रयोजनच ते नव्हते. प्रौढांतील नागभस्माच्या उपयोगाविषयी विद्वानांनी चर्चा अवश्य करावी. परंतु बालक, गर्भिणी व सूतिका यांना कोणताही नागकल्प देऊ नये, याविषयी मतभेदास जागा असू नये असे माझे मत आहे.

औषधालयचालकांसाठी काही सूचना अशा :

(अ) मुरडशेंग आणि मुरदाडशिंग ही नावे ऐकण्यात अगदी जवळची आहेत. पहिली बाळगुटीत उगाळली जाणारी वनस्पतीची शेंग, तर दुसरे मृद्दारशृंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. दोन्ही एकाच दुकानात मिळतात. त्यांच्या बरण्या वेगळ्या फडताळात, ठळक नावांनिशी ठेवाव्यात. मुरदाडशिंग वैद्याच्या लेखी सूचनेवाचून देऊ नये. हेच द्रव्य अंगाची दुर्गंधी घालविण्यासाठी वापरल्याने २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील भावंडांच्या रक्तात शिसे चढल्याची नोंद आहे. केवळ बाह्योपयोगी म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

(आ) सिंदूर व गिरिसिंदूर ही द्रव्ये औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये विषद्रव्ये म्हणून समाविष्ट आहेत. पोटात घ्यावयाच्या औषधांत ती असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. तशी सूचना नसलेला माल परत करावा.

(इ) उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व गट क्रमांक नसलेल्या सुट्या पुड्या, गुट्या व काजळ विक्रीस ठेवू नयेत, मग ती कितीही जुन्या ओळखीच्या माणसाकडून आलेली असोत.

(ई) बालकांसाठीच्या प्रत्येक कल्पाचा जड धातूंचा अहवाल पुरवठादाराकडून लेखी घ्यावा व जपून ठेवावा.

जनजागृती : साधन आपल्या हातीच आहे

लोकशिक्षणासाठी वेगळी सभा भरविण्याची गरज नाही. जिल्ह्यातील अनेक वैद्य पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाचे शिबिर घेतात. दर सत्तावीस दिवसांनी माता-पिता आपल्या बालकांना घेऊन स्वेच्छेने आपल्यासमोर येऊन बसतात. याहून उत्तम सभा कोणत्या आरोग्यखात्याला लाभेल? तेथे प्रत्येक पालकास पाच प्रश्न विचारावेत.

१. मूल माती, रंगाचे पोपडे किंवा राख खाते काय?
२. घरात वा शेजारी बॅटरी, भंगार, जाळ्यांचे मणी, रंगकाम यांपैकी काही काम चालते काय?
३. मुलाच्या डोळ्यांत सुरमा वा सुटे काजळ घालता काय?
४. वेष्टन नसलेली गुटी, पूड वा भस्म देता काय?
५. हळद कोठून घेता आणि स्वयंपाक कोणत्या भांड्यांत करता?

एकाही प्रश्नाचे उत्तर संशयास्पद आले तर ते रुग्णपत्रिकेवर नोंदवावे आणि उपाय तेथेच सांगावा. तो उपायही साधा आहे. काम घराबाहेर करावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जेवणापूर्वी व निजण्यापूर्वी मुलाचे हात धुवावेत. फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. आहारात बाजरी, नाचणी, तीळ, शेवग्याची पाने, राजगिरा, आवळा आणि शक्य तेथे दूध असावे. लोह, कॅल्शियम व क-जीवनसत्त्व पुरेसे मिळाल्यास शोषण घटते. मात्र उपाशीपोटी शोषण अधिक होते, म्हणून मुलाला सकाळी न खाता अंगणात सोडू नये.

कारागिराशी बोलताना त्याला अपराधी ठरवू नये. बॅटरीवर त्याची चूल पेटते. 'हे काम सोड' असे सांगणाऱ्याचे तो ऐकणार नाही. 'हे काम मुलापासून दूर कर' असे सांगणाऱ्याचे ऐकेल. अंगणवाडीताई व आशाताई यांना हे पाच प्रश्न लिहून दिल्यास आपण न पोहोचू शकणाऱ्या घरापर्यंतही ते जातील. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१३ पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये शीसविषबाधा-प्रतिबंध सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात प्रत्येक तालुक्यात निदान एका अंगणवाडीत आपल्या संघटनेचा सभासद उभा राहावा, अशी सूचना मी या अंकाच्या द्वारे करीत आहे.

तपासणी आणि मर्यादा

संशय आल्यास शिरेतील रक्ताची शीसपरीक्षा करावी. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा ती करतात आणि त्यांच्या संकलन केंद्रांतून नमुना पाठविता येतो. हिमोग्लोबिनवरून शिशाचा अंदाज बांधता येत नाही. बालकाचे मान ४५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्यास, किंवा झटके, वांती व गुंगी ही लक्षणे असल्यास, क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. तेथे शिसे बांधून शरीराबाहेर काढणारी औषधे दिली जातात. अमुक शोधनाने वा अमुक काढ्याने शिसे निघून जाईल असे आश्वासन देऊन आपण रुग्णाचा बहुमोल काळ दवडू नये. तसेच एका बालकात शिसे आढळल्यास त्याची भावंडे व गर्भवती माता यांचीही परीक्षा अवश्य करावी. माझ्या त्या रुग्णाच्या धाकट्या बहिणीच्या रक्तातही शिसे सापडले. ती अद्याप माती खाऊ लागली नव्हती, नुसती त्या अंगणात रांगत होती.

निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. शीसविषाच्या बाबतीत हे वचन अक्षरशः खरे आहे, कारण गेलेली बुद्धी परत आणणारे औषध कोणत्याही शास्त्रापाशी नाही. आपल्या चिकित्सालयातील प्रश्नपरीक्षेत व्यवसाय, माती, सुरमा, गुटी व हळद हे पाच शब्द आजपासून समाविष्ट करावेत आणि येत्या पुष्य नक्षत्रास त्याचा आरंभ करावा, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधालयचालकांस नम्र विनंती. इत्यलम्।